बचावफळीला हूल कशी द्यावी: अमेरिकन फुटबॉलमध्ये चाली ठरवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकन फुटबॉलमधील फसवाफसवी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हंगामातून एखाद्या वेळी दिसणारी आणि टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवली जाणारी विलक्षण चाल येते. प्रत्यक्षात चांगला प्रशिक्षक जवळजवळ प्रत्येक चालीत थोडी हूल पेरत असतो आणि तिचे फळ कधी दोन चालींनंतर, तर कधी थेट उत्तरार्धात घेतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील जी मुले शाळेच्या किंवा फ्लॅग फुटबॉलच्या (धडक न देता कमरेची पट्टी ओढून अडवण्याचा प्रकार) संघात खेळतात, त्यांच्या पालकांवर कधीकधी संघाला मदत करण्याची वेळ येते. त्यांना हा लेख उपयोगी पडावा आणि जे केवळ रविवारचे सामने पाहतात त्यांनाही मैदानावर नेमके काय चालले आहे हे कळावे, या हेतूने तो लिहिला आहे. लेखाचा सगळा भर एकाच मुद्द्यावर आहे. अकरा जणांना एकाच वेळी फसवता येत नाही आणि तशी गरजही नसते. फसवायचे असते ते एकाला, आणि तेही त्याला शिकवलेल्या कर्तव्याचाच वापर करून.

आधी चौकट

आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. त्या प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये, एक चाल संपल्यावर पुढची सुरू करण्यासाठी साधारणपणे ४० सेकंदांचे घड्याळ चालते. १९९४ पासून प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूच्या) हेल्मेटमधील रेडिओवरून बोलता येते, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो आणि त्यापुढचे निर्णय क्वार्टरबॅकला स्वतःच घ्यावे लागतात. स्नॅपच्या वेळी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होते तेव्हा, आक्रमणाचे किमान सात खेळाडू स्क्रिमेज रेषेवर (चेंडू ठेवलेल्या रेषेवर) असावे लागतात. त्या क्षणी एकाच खेळाडूला हालचाल करता येते आणि तीही रेषेच्या दिशेने पुढे नव्हे, तर समांतर किंवा मागे. रेषेच्या दोन टोकांवरचे आणि रेषेच्या मागे उभे असलेले खेळाडूच पास झेलू शकतात. हूल द्यायची ती याच मर्यादांच्या आत राहून, त्यामुळे हे नियम तोंडपाठ असल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

पहिली पायरी: कोणाला फसवायचे ते ठरवा

समोरच्या संघाचे आधीचे सामने पाहताना चेंडूच्या मागे जाणारी नजर मुद्दाम आवरावी आणि एका वेळी एकच बचावपटू पाहावा. लाइनबॅकरला (बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभ्या असलेल्या खेळाडूला) सहसा समोरच्या गार्डकडे (रेषेच्या मध्याजवळ ब्लॉक करणाऱ्या, म्हणजे बचावपटूंना अडवणाऱ्या खेळाडूकडे) किंवा रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) पाहायला शिकवलेले असते. गार्ड खाली वाकून पुढे झेपावला किंवा बाजूला धावला तर रन (चेंडू हातात घेऊन धावण्याची चाल) समजून पुढे यायचे आणि तो उभा राहून मागे सरकला तर पास समजून मागे जायचे, असा त्याचा ढोबळ नियम असतो. सर्वांत मागे उभा असलेला सेफ्टी बहुधा टाइट एंडकडे (रेषेच्या टोकाला राहून ब्लॉकही करणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूकडे) पाहतो. कोपऱ्यावरच्या कॉर्नरबॅकचे लक्ष रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) पहिल्या तीन-चार पावलांवर असते. ज्याला हे नियम अचूक पाळायची सवय आहे तो खेळाडू उत्तम असतो, आणि नेमका तोच फसवायला सर्वांत योग्य असतो, कारण तो काय करील हे आपल्याला आधीच सांगता येते. ज्याला आपले काम नीट येत नाही असा खेळाडू हुलीला फसतच नाही, कारण दाखवलेली खूण त्याने पाहिलेलीच नसते.

बचाव मॅन पद्धतीचा (प्रत्येकाने एकेक खेळाडू धरायचा) आहे की झोन पद्धतीचा (प्रत्येकाने मैदानाचा एकेक भाग सांभाळायचा), हे ओळखण्यासाठी मोशनचा, म्हणजे स्नॅपपूर्वीच्या हालचालीचा, उपयोग होतो. एखाद्या रिसीव्हरला स्नॅपपूर्वी मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालवत न्यावे. त्याच्यामागे एक बचावपटू पूर्ण अंतर चालत आला तर बहुधा मॅन आणि सगळे जण जागच्या जागी थोडेसे सरकले तर बहुधा झोन. हे अनुमान प्रत्येक वेळी खरे ठरत नाही, कारण चांगले बचाव इथेही सोंग घेतात. तरी सुरुवात करण्याइतकी माहिती त्यातून नक्की मिळते.

दुसरी पायरी: स्वतःच्या सवयी शत्रूच्या नजरेने पाहा

ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे नवे प्रशिक्षक ती टाळतात. माझ्या मते सर्वांत जास्त फायदा याच पायरीचा आहे. आपल्या मागच्या तीन-चार सामन्यांतील प्रत्येक चालीची नोंद करावी: कितवे डाउन, किती यार्ड हवे होते, मैदानाचा कोणता भाग, कोणते फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) आणि रन की पास. मग त्या तक्त्याकडे समोरच्या प्रशिक्षकाच्या जागी बसून पाहावे. टाइट एंड डावीकडे असताना आपण बहुतेक वेळा डावीकडेच रन काढतो का? मोशन वापरली की चेंडू नेहमी मोशन करणाऱ्याकडेच जातो का? शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून स्नॅप घेतो त्या मांडणीत) रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या थोडा मागे उभा राहिला की रन आणि बरोबरीने उभा राहिला की पास, अशी खूण आपण नकळत देतो का?

तक्त्यात न दिसणाऱ्या खुणाही असतात. लाइनमन (रेषेवर उभा राहून ब्लॉक करणारा) जमिनीवर टेकलेल्या हातावर जास्त भार देतो तेव्हा तो पुढे झेपावणार असतो आणि मागे सरकायचे असेल तेव्हा तोच हात हलका असतो. अनुभवी बचावपटू बोटांच्या पेरांचा रंग पाहूनही हे ओळखतात. रिसीव्हर नेहमीपेक्षा आत उभा राहिला तर तो ब्लॉक करायला किंवा मैदान ओलांडून पलीकडे जायला निघाला आहे, असे समजले जाते.

अशी प्रत्येक सवय सापडली की तिच्यापुढे दोन पर्याय असतात. ती मोडायची किंवा ती तशीच चालू ठेवून योग्य क्षणी उलटवायची. तीन सामने एका फॉर्मेशनमधून केवळ रन काढलेला असेल, तर चौथ्या सामन्यात त्याच फॉर्मेशनमधून टाकलेला लांब पास समोरच्या संघाने केलेल्या अभ्यासावरच घाव घालतो.

तिसरी पायरी: चालींची कुटुंबे बांधा

सुट्या सुट्या पन्नास चालींपेक्षा एकमेकींसारख्या दिसणाऱ्या पाच चाली जास्त उपयोगी पडतात. सुरुवातीचे दीड सेकंद सारखे आणि शेवट वेगळा, हे कुटुंबाचे लक्षण. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे आउटसाइड झोन (सगळी रेषा एका कडेला सरकत काढलेला रन) आणि त्यातून निघणारी बूटलेग (त्या रनचे सोंग करून क्वार्टरबॅकने उलट बाजूला निघणे). प्रशिक्षक माइक शॅनाहन यांच्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने १९९७ आणि १९९८ या लागोपाठच्या हंगामांत याच जोडीच्या आधाराने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. १९९८ मध्ये रनिंग बॅक टेरेल डेव्हिसने २,००८ यार्ड रन काढला आणि त्या रनच्या आडून क्वार्टरबॅक जॉन एल्वे दुसऱ्या बाजूने मोकळा होऊन पास टाकत असे.

ही चाल जवळून पाहू. स्नॅप होताच पाचही लाइनमन एकाच वेळी उजवीकडे पहिले पाऊल टाकतात. रनिंग बॅक त्याच दिशेने तिरका धावतो. क्वार्टरबॅक बचावफळीकडे पाठ करून चेंडू लांब हाताने त्याच्या पोटापर्यंत नेतो. सगळी बचावफळी उजवीकडे वाहू लागते, कारण रन रोखायचा तर प्रत्येकाला आपली फट सांभाळत सरकावेच लागते. डाव्या टोकावरचा बचावपटू मागून पाठलाग सुरू करतो. आपण फसवायचा माणूस हाच. तो दोन-तीनदा असा मोकाट धावलेला दिसला की चौथ्या वेळी चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेऊन काढून घ्यायचा आणि क्वार्टरबॅकने डावीकडे वळायचे. त्याच वेळी डावीकडचा रिसीव्हर सरळ खोल धावून कॉर्नरबॅकला सोबत नेतो, उजवीकडचा रिसीव्हर साधारण १५ यार्डांवरून मैदान ओलांडून डावीकडे येतो आणि टाइट एंड लाइनमनच्या मागून सरपटल्यासारखा निघून डाव्या कडेला जवळच मोकळा होतो. क्वार्टरबॅकला एकाच बाजूला तीन वेगवेगळ्या अंतरांवर पर्याय मिळतात आणि त्याला मैदानाच्या अर्ध्या भागाकडेच पाहावे लागते.

पुढच्या वेळी तो टोकावरचा बचावपटू शहाणा होऊन जागेवर थांबला, तरी नुकसान नाही. रनच्या मागे धावणारा एक माणूस कमी झाला. लाइनबॅकर बूटलेगच्या भीतीने लवकर उलट फिरू लागले, तर क्वार्टरबॅकने डावीकडे जाऊन उजवीकडे मागे राहिलेल्या रनिंग बॅकला स्क्रीन पास (पुढे ब्लॉक करणाऱ्यांच्या आडून दिलेला छोटा पास) द्यावा. बचावाचे प्रत्येक उत्तर पुढच्या चालीला आमंत्रण ठरते. कुटुंब बांधण्याचा हेतू हाच. कबड्डीत एका कोपऱ्याला पाय दाखवून दुसऱ्याला हात लावणारा चढाईपटूही याच तत्त्वावर जगतो.

सरावात दोन गोष्टींवर काटेकोर राहावे. चेंडू न मिळालेल्या रनिंग बॅकने दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळून निदान दहा यार्ड जिवाच्या आकांताने धावले पाहिजे. दुसरे असे की एनएफएलमध्ये पास टाकला जाण्याआधी लाइनमनना रेषेपुढे एक यार्डापेक्षा जास्त जाता येत नाही, म्हणून रनचे सोंग आडव्या दिशेने वठवायचे. जोशात पुढे गेलेला एक लाइनमन उत्तम जमलेली चाल दंडापायी रद्द करवतो.

चौथी पायरी: सुरुवातीच्या चालींतून प्रश्न विचारा

प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच क्रमाने लिहून ठेवण्याची पद्धत रूढ केली आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या यशामुळे पुढे ती सर्वत्र पसरली. त्यामागे शांत डोक्याने निर्णय घेता यावा हा विचार होताच. हुलीच्या दृष्टीने तिचा आणखी एक उपयोग आहे. पहिल्या १५ चालींत आपली महत्त्वाची फॉर्मेशन आणि मोशन एकेकदा दाखवून घ्यावीत आणि प्रत्येक वेळी समोरचे काय करतात हे वर बसलेल्या सहायकाने टिपून ठेवावे. चाल दोन यार्डांची ठरली तरी चालेल. तिने उत्तर आणले की नाही, एवढेच पाहावे.

त्या सहायकाला तीनच प्रश्न द्यावेत. मोशनबरोबर कोण आला? रनच्या सोंगावर लाइनबॅकरने किती पावले पुढे टाकली? मागे दोन सेफ्टी दिसत असताना स्नॅपनंतर त्यातला एक खाली उतरला का? यापेक्षा जास्त विचारले की माणूस गोंधळतो आणि एकही उत्तर भरवशाचे राहत नाही.

पाचवी पायरी: साठवलेली चाल कधी खर्च करावी

तिसरे डाउन आणि बारा यार्ड हवे असताना रनचे सोंग केले, तर त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. तिथे ड्रॉ (पासचे सोंग करून काढलेला रन) किंवा स्क्रीन शोभतो, कारण सगळे पासच्या तयारीने मागे हटलेले किंवा क्वार्टरबॅकवर धावून आलेले असतात. प्ले-ॲक्शन (रनचे सोंग करून टाकलेला पास) वापरायची ती पहिल्या डाउनला किंवा दुसऱ्या डाउनला दोन-तीन यार्डच हवे असताना, कारण त्या वेळी पास फसला तरी हातात पुढचे डाउन असते.

प्ले-ॲक्शनसाठी आधी रन पुष्कळदा यशस्वी व्हावा लागतो, असे जुने प्रशिक्षक सांगत आले. एनएफएलच्या अनेक हंगामांच्या नोंदी तपासणाऱ्या विश्लेषकांना मात्र असा ठळक संबंध आढळला नाही. यात मला नवल वाटत नाही. लाइनबॅकर पुढे येतो तो मागचे तीन रन आठवून नव्हे, तर शेकडो सरावांत अंगात मुरलेल्या नियमामुळे. तेव्हा सोंगाची हुबेहूब नक्कल करण्यावर जितकी मेहनत घ्यावी तितकी रनचा आकडा वाढवण्यावर घेऊ नये. कुटुंबातल्या दुसऱ्या-तिसऱ्या चालीसाठी मात्र पहिली दाखवणे आवश्यक असते, कारण तिथे विशिष्ट माणसाने विशिष्ट दुरुस्ती केलेली आपल्याला हवी असते.

गोलरेषेजवळ खोलीच उरत नाही, त्यामुळे तिथली हूल आडवी असते. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध तिचा आदर्श नमुना दाखवला. रिसीव्हर मोशनने आत येऊ लागला की तो पलीकडे जाणार असे धरून ईगल्सचे बचावपटू आपापसांत जबाबदाऱ्या बदलत. त्याच हंगामात जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने या सवयीचा फायदा घेतल्याचे चीफ्सच्या प्रशिक्षकांनी चित्रफितीत हेरले होते. चौथ्या सत्रात चीफ्सचा रिसीव्हर कडेरियस टोनी आत निघाला, बचावाने अदलाबदल सुरू केली आणि तो मध्येच उलटा फिरून पुन्हा कडेला गेला. त्याच्या आसपास कोणीच नव्हते. पाच यार्डांचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला. पुढच्याच आक्रमणात तीच कल्पना दुसऱ्या बाजूला वापरून स्काय मूरला चार यार्डांचा टचडाउन मिळाला आणि चीफ्सने सामना ३८–३५ असा जिंकला. एका वर्षाने, ११ फेब्रुवारी २०२४ ला, याच कल्पनेच्या नव्या रूपावर चीफ्सच्याच मेकोल हार्डमनने जादा वेळेत तीन यार्डांवरून टचडाउन करून फोर्टीनाइनर्सविरुद्धचा सुपर बोल २५–२२ असा संपवला. इथे मोशन करणाऱ्याने उलटे फिरण्यापलीकडे वेगळे काही केले नाही. मोशन म्हणजे पलीकडे जाणे, हा समज सगळ्या लीगने मिळून बचावांच्या मनात पक्का केला होता आणि चीफ्सने तो वापरला.

विलक्षण चाली आणि पंच

४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सने चौथ्या डाउनला, गोलरेषेपासून एक यार्डावर, पूर्वार्धाची ३८ सेकंद उरली असताना जी चाल खेळली ती आज फिली स्पेशल म्हणून ओळखली जाते. क्वार्टरबॅक निक फोल्स लाइनमनशी बोलायला गेल्यासारखा उजवीकडे सरकून थांबला, स्नॅप थेट रनिंग बॅक कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने चेंडू टाइट एंड ट्रे बर्टनला दिला आणि बर्टनने तो मोकळ्या फोल्सकडे टाकला. टचडाउन झाला. इथेही फसवायचा माणूस एकच होता: क्वार्टरबॅककडे पास झेलणारा म्हणून पाहायची सवय नसलेला त्या बाजूचा बचावपटू. अशी चाल एकदाच चालते, म्हणून ती साठवून ठेवण्याची सहनशक्ती हवी आणि सरावात तिला नेहमीच्या चालीइतकाच वेळ द्यावा.

अशा चालींत पंचांनाच गोंधळात टाकण्याचा धोका मोठा असतो. ३० डिसेंबर २०२३ ला डेट्रॉइट लायन्सने डॅलस काउबॉइजविरुद्ध टचडाउननंतरच्या जादा दोन गुणांसाठी टेलर डेकर या लाइनमनला पास दिला. कोणता लाइनमन पास झेलण्यास पात्र आहे हे पंचांना कळवावे लागते, आणि बचावाला संभ्रमात ठेवण्यासाठी लायन्सचे एकाहून अधिक लाइनमन एकाच वेळी पंचांकडे गेले होते. पंचांनी भलत्याच खेळाडूची नोंद घोषित केली, गुण रद्द झाले आणि लायन्स २०–१९ असा सामना हरले. यातून घ्यायचा नियम सरळ आहे: सामन्यापूर्वीच्या भेटीत अशी चाल पंचांना समजावून सांगावी आणि मैदानावर त्यांच्यासाठी संकेत अगदी स्पष्ट ठेवावा. शालेय पातळीवर तर चुकीचा चेंडू आहे असे ओरडून खेळ थांबल्याचा आव आणणे नियमबाह्यच धरले जाते, आणि मुलांना ते शिकवूही नये.

समोरचाही हूल देतो

३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचे जोरदार आक्रमण न्यू इंग्लंड पेट्रियट्सने अवघ्या तीन गुणांवर रोखले. निकाल १३–३ असा लागला. पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी रेषेवर सहा खेळाडू उभे करून आउटसाइड झोनच्या फटी आधीच भरून टाकल्या. रेषेवरच रन अडल्यामुळे मागच्या खेळाडूंना पुढे धावण्याची गरज उरली नाही आणि प्ले-ॲक्शनचा आधारच निखळला. शिवाय हंगामात बहुतांशी मॅन खेळलेल्या पेट्रियट्सनी त्या दिवशी झोनवर भर दिला. म्हणून आपल्या कुटुंबातली मूळ चालच बंद झाली तर कोणते दुसरे कुटुंब उघडायचे, हे सामन्याच्या आदल्या रात्री लिहून ठेवावे. प्रशिक्षकाचा रेडिओ बंद झाल्यावर बचावाने रूप बदलले तर क्वार्टरबॅकजवळ त्याच फॉर्मेशनमधून खेळता येणारी दुसरी चाल तयार असावी. यासाठी संघ एकाच वेळी दोन चाली सांगतात आणि क्वार्टरबॅक एका शब्दाने पहिली रद्द करून दुसरी सुरू करतो. तो शब्द अधूनमधून उगाचच उच्चारावा, नाहीतर बचावपटूंना तोही ओळखू येऊ लागतो.

मुलांच्या फ्लॅग संघासाठी

पाच-पाच जणांचे फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळले जाणार आहे. या खेळात ब्लॉकिंग नसते, त्यामुळे लाइनमनचे सोंग वापरता येत नाही आणि हुलीचा सगळा भार मोशन, चेंडू देण्याचे सोंग आणि रिसीव्हरच्या पावलांवर येतो. दहा वर्षांच्या मुलांना एकच फॉर्मेशन आणि एकच मोशन शिकवावी आणि तीतून तीन चाली काढाव्यात: मोशन करणाऱ्याला चेंडू, त्याला देण्याचे सोंग करून मागे उभ्या असलेल्या मुलाला चेंडू, आणि दोन्ही सोंगांनंतर पास. फ्लॅगच्या अनेक लीगमध्ये गोलरेषेच्या आणि मध्यरेषेच्या आधीच्या पाच यार्डांत रन काढायला बंदी असते. तिथे बचावालाही पासच येणार हे ठाऊक असते, म्हणून रनचे सोंग त्या पट्ट्यात वापरू नये आणि उलट्या फिरणाऱ्या मोशनसारखी आडवी हूल द्यावी.

सराव घेताना आधी तिन्ही चाली बचावाविना सावकाश खेळवाव्यात आणि मुलांना तिन्हींची पहिली तीन पावले मोठ्याने मोजायला लावावीत. मग एका पालकाला बचावपटूच्या जागी उभे करून तिसऱ्या पावलाला थांबवावे आणि चेंडू कोणाकडे आहे असे विचारावे. त्याला तीन चालींत फरक सांगता आला, तर ज्या मुलाच्या हालचालीवरून तो कळला त्याचीच पावले पुन्हा घोटून घ्यावीत आणि त्यानंतरच चौथी चाल शिकवायला घ्यावी.